साडेतीन बोटं

२८ ऑक्टोबर, मंगळवार
सकाळी १५०/९०. संध्याकाळी १४६/८८.

हे वरचे आकडे दैवशालाचे, खालचं माझं. दैवशाला म्हणजे माझी सून, गावाची आशाताई. मच्छिंद्राचं बीपी रोज दोनदा मोजून लिहून ठेवा असं डॉक्टरनं सांगितलं, म्हणून तिनं माझी नात साक्षी हॉस्टेलला जाताना टाकून गेलेली वही काढली. अख्ख्या पानावर दोन आकडे. म्हटलं, ही तर चार एकरात तुरीचं एक झाड लावल्याची गत झाली. बाकीच्या पानावर मी सांगते ते लिही. ती म्हणाली, "तुम्ही काय सांगणार आत्याबाई?" म्हटलं, मला लिहिता येत नाही, बोलता येतं. त्र्याहत्तर वर्षांचं सगळं डोक्यात ठेवून डोकं जड झालंय, थोडं तुझ्या वहीत उतरव. ती म्हणते, मी शुद्ध लिहिणार. म्हटलं, लिही, पण वाचून दाखवशील तेव्हा मला ओळखू येईन इतकंच शुद्ध.

मच्छिंद्र माझा धाकटा दीर. मी चौदाची असताना ह्या घरात आले तेव्हा हा सहाचा, आईवेगळा. माझ्या पदराला नाक पुसत मोठा झाला. आता पासष्टचा आहे आणि नाक स्वतःचं स्वतः पुसतो, एवढीच काय ती प्रगती. बायको चार वर्षांमागं गेली. पोरगी वंदना शहागडला दिली. शेजारच्या घरात एकटा राहतो, जेवायला आमच्याकडे. मोसंबीची बाग आणि बिडी, दोन्हीवर सारखाच जीव.

दसरा झाल्यावर त्याची पाठ धरली. वंदनानं त्याला ओढत जालन्याला नेलं. तिथं सोनोग्राफी झाली आणि भलतंच निघालं. काळजापासून एक मोठी रक्तवाहिनी पोटातून खाली येते आणि बेंबीपाशी तिला दोन फाटे फुटून दोन पायांत जाते, पाटाला फुटतात तसे. ती वाहिनी एके ठिकाणी फुगलीय. फुटली तर दवाखान्याच्या दारापर्यंत माणूस पोचत नाही म्हणे. किती फुगली विचारलं, तर वंदना म्हणाली सव्वापाच सेंटिमीटर. म्हटलं, म्हणजे किती गं? तिनं बोटं जुळवून दाखवली.

मी माझी बोटं पदराखाली घेतली. आज एवढंच.

३० ऑक्टोबर, गुरुवार
सकाळी १४८/८८. संध्याकाळी राहिलं, प्रवासात होतो.

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो. मच्छिंद्र, वंदना, दैवशाला आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच जीपमध्ये पहिली जाऊन बसले.

रक्तवाहिन्यांचे डॉक्टर वेगळे असतात हे मला माहीत नव्हतं. स्वानंद त्यांचं नाव. वंदनाच्या वयाचे असतील, पण आवाज शाळामास्तरांचा. त्यांनी मच्छिंद्राला उताणं झोपवलं, गुडघे वर घ्यायला लावले, हातावर हात चोळून तळवे गरम केले. मग दोन्ही हातांची बोटं बेंबीच्या वर, जरा डावीकडं, अशी ठेवली की मधला ठोका दोन्हीकडून बोटं उचलतो. डोळे मिटले. मी बघत राहिले. तळहात गरम करण्यापासून डोळे मिटण्यापर्यंत सगळं तसंच. फक्त तेल नव्हतं.

डोळे उघडून त्यांनी विचारलं, "बाबा, हे एवढं हाताला लागतंय. आधी कुणी पोटाला हात लावून बघितलं नव्हतं का?"

मच्छिंद्र छताकडं बघत म्हणाला, "न्हाई साहेब. कोन लावंल? बायको व्हती ती बी न्हाई राह्यली."

डॉक्टर हसले. मी हसले नाही. बोललेही नाही.

मग त्यांनी समजावलं. साडेपाचच्या पुढं गेली की ऑपरेशन करतात. आत असली आणि हळूहळू वाढत असली तर थांबून सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी करतात. कारण ऑपरेशन लहान नाही, पोट वरून खालपर्यंत उघडायचं, ह्या वयाला, बिडी ओढलेल्या फुफ्फुसाला. "आधीचा एखादा रिपोर्ट असता तर किती वेगानं वाढली ते कळलं असतं," म्हणाले. "आता एप्रिलमध्ये या. बिडी बंद. जड उचलायचं नाही. आणि पोट दाबायचं, चोळायचं नाही."

मच्छिंद्र इतका खूश की बाहेर येऊन त्यानं सगळ्यांना उसाचा रस पाजला. "एप्रिलपर्यंत बाग उतरून पैशे हातात," म्हणाला. "बघ वंदे, उगंच रडून राह्यली व्हतीस."

माझा रस गोड लागला नाही. बर्फ जास्त होता.

३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी १४४/८६. संध्याकाळी १४६/८६.

गिरिजाबाई आली होती, वरच्या गल्लीतली. जेवल्यावर उजव्या कुशीत दुखतं म्हणे. "चतुरामाय, बेंबी सरकली वाटतं. जरा हात लावा ना."

वही वाचणाऱ्याला सांगायला हवं, नाहीतर मला डॉक्टरीण समजेल. चाळीस वर्षं मी गावाची पोटं चोळली. कुणाचं पोट दुखलं की आमच्याकडं म्हणतात बेंबी सरकली. मग उपाशीपोटी सकाळी यायचं, उताणं झोपायचं. मी बेंबीपासून छातीच्या दोन्ही बाजूंना दोरा लावून मापणार, ठोका कुठं उडतो ते बोटानं बघणार, मग तेल लावून ठोका जागेवर आणणार. कधी बेंबीवर दिवा लावून वर तांब्या पालथा घालणार, तो पोट ओढून धरतो. ही विद्या मला माझ्या मावशीनं दिली. पोटं बरीही व्हायची. दैवशाला म्हणते ती आपोआप बरी होणारीच होती. असेल. पण माझ्या ओसरीवर व्हायची.

तीन वर्षांमागं तिला आरोग्य केंद्रात सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, आशाताईच्याच घरात पोट चोळतात म्हणून. ती रडत घरी आली. मी तुळशीला हात लावून सांगितलं, आजपासून बंद. त्यावर तिनं माझे पाय धरले होते.

तर गिरिजाबाईला म्हटलं, "मह्या हाताला आता फक्त भाकरी कळते. तुझं पोट दैवशालाला दाखव, ती गोळी देईल." ती फुगून गेली. दैवशाला आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "आत्याबाई, मी मिटिंगमध्ये तुमचंच उदाहरण देत असते. म्हातारं माणूस एवढं बदललं म्हणून."

भाकरी करपली माझी. तव्यावर ठेवून विसरले.

५ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी १५२/९०. संध्याकाळी १५०/९०.

आज काही नाही. आकडे लिही फक्त.

(आत्याबाई तीनदा बोलायला लागल्या आणि तीनदा थांबल्या. हे मी माझ्या मनानं लिहिलंय. – दै.)

८ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी १५४/९२.

हे आज सकाळी सांगितलं. दैवशालानं पेन खाली ठेवलं, अंगणात गेली, बादलीभर पाणी झाडांना घातलं. त्या झाडांना कालच पाणी दिलं होतं. मग परत आली, पेन घेतलं, म्हणाली, "बोला. जसं झालं तसं बोला. लिहिते."

तर लिही. मी शपथ मोडली. सगळ्या गावासाठी पाळली, एका माणसासाठी मोडली.

दोन वर्षांमागं पोळ्याच्या आसपास मच्छिंद्र आला. पोटात जड जड वाटतं म्हणाला. म्हटलं, मी सोडलंय. तो म्हणाला, "वैनी, म्या काय गाव हाय का?" तू फिरतीवर गेली होतीस. मी चटई टाकली.

तेव्हापासून तो येत राहिला. तू घरं फिरायला गेलीस की यायचा, पंधरा दिवसांनी, कधी आठवड्यानं. पोट दुखो की न दुखो. पडून राहायचा आणि बोलायचा. एरवी तो कुठं बोलतो? जेवताना हूं आणि हं. चटईवर पडला की बायकोच्या आठवणी काढायचा. ती अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या कशा घालायची, शेवटी शेवटी तिला त्याचं नाव आठवत नव्हतं पण बागेतल्या झाडांची संख्या आठवत होती. मी तेल लावत ऐकायची. दोनदा तांब्याही लावला. तांब्या ओढून धरताना त्याचा ठोका पितळेत वाजायचा, टक, टक.

दैवशाला म्हणाली, "मला तोंडघशी पाडलं तुम्ही. मी सगळीकडं तुमचं नाव घेऊन राह्यले अन् तुम्ही..."

म्हटलं, हो.

"आणि त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी तोंडावर विचारलं, तेव्हा तरी?"

म्हटलं, मच्छिंद्रानं आधीच नाही म्हटलं. त्याला खोटं कसं पाडू? ती म्हणाली, "त्याला खोटं पाडायचं नव्हतं की तुम्हाला उघडं पडायचं नव्हतं?" ही सून मी बघून, पसंत करून आणली. माझीच चूक.

मग तिनं एकदम विचारलं, "हाताला केवढं लागायचं?"

म्हटलं, पहिल्यांदा दोन बोटं. गेल्या वर्षीच्या दिवाळीला दोन बोटं आणि वर जरासं, जवाच्या दाण्याएवढं. मग उन्हाळ्यात वाढायला लागलं. आत्ता दसऱ्याच्या आधी, शेवटचं, साडेतीन बोटं.

तिनं माझा हात धरून बोटं जुळवली आणि पट्टी लावली. दोनदा लावली. चेहरा उतरला तिचा. "आत्याबाई, एका वर्षात दीड सेंटिमीटरच्या वर वाढलीय ती. डॉक्टर काय म्हणाले, हळूहळू वाढत असली तर थांबू. ही हळूहळू वाढतच न्हाई. एप्रिलपर्यंत..."

पुढचं मलाही कळलं.

म्हणजे मच्छिंद्र हसत हसत बागेत हिंडतोय तो माझ्या गप्प बसण्याच्या जिवावर.

१० नोव्हेंबर, सोमवार
बीपी मोजलं नाही. पहाटेच निघालो.

मच्छिंद्राला काल सांगितलं, तर तो पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "वैनी, गप बसा बिलकुल. डॉक्टर एप्रिल म्हनला ना? तुमी बोलल्या तर गाव तुमच्या तोंडात शेन घालंल. वंदी तर उभी जाळंल तुमाला." म्हटलं, जाळू दे, थंडीच पडायला लागलीय. तो हसला नाही. दैवशालानं वंदनाला परत दाखवायचंय एवढंच कळवलं, मग वंदनानं फोनवर त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक, सकाळी टोपी घालून तयार होता.

डॉक्टरांसमोर मी उभीच राहिले. म्हटलं, "साहेब, त्या दिवशी इचारलं व्हतं, कुनी हात लावला व्हता का. म्या लावला व्हता. दोन वर्सं लावून राह्यले." आणि बोटांचं सांगितलं.

मच्छिंद्र भिंतीकडं तोंड करून बसला. वंदना म्हणाली, "मोठीमाय, तुम्ही?" एवढंच. तिच्या जन्माला सुईण यायच्या आधी मी होते, पहिलं पाणी मी घातलं तिला. तिनं 'तुम्ही' असं कधी म्हटलं नव्हतं मला, 'तू' म्हणायची.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आजी, बोटांचं माप मला कागदावर लिहिता येत नाही. पण बघू." त्यांनी टेबलावर तीन औषधाच्या बाटल्या पदराखाली ठेवल्या, म्हणजे टॉवेलखाली, आणि म्हणाले, न बघता सांगा, कुठली केवढी. मी सांगितलं. अडीच बोटं, तीन, आणि तिसरी तीनाला जरा कमी. त्यांनी पट्टी लावली आणि शेजारच्या शिकाऊ डॉक्टरणीकडं बघितलं. मग लगेच कागद लिहिला, आजच्या आज सीटी स्कॅन.

मी विचारलं, "साहेब, मह्या चोळण्यानं फुगली का?"

"चोळण्यानं फुगत नाही. बिडीनं, बीपीनं, वयानं फुगते." जरा थांबले. "पण चोळताना फुटली असती, आजी. तुमच्या हाताखाली. नाही फुटली हे नशीब. आणि दुसरं म्हणजे, त्यांना वाटत राहिलं की इलाज चाललाय."

पहिलं ऐकून जेवढं हलकं वाटलं तेवढं दुसऱ्यानं परत भरून आलं, वर थोडं जास्त.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी १४२/८४. दवाखान्यातच ठेवून घेतलंय.

स्कॅनमध्ये निघालं की वाहिनी सगळीकडून सारखी फुगलेली नाही. एका बाजूला पातळ होऊन वेगळा फुगा आलाय. दैवशालाला डॉक्टरांनी चित्र दाखवलं. ती म्हणाली, जुन्या सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब बाहेर डोकावते, अगदी तसं. मला चित्र बघायचं नव्हतं. मी ते बोटांनी बघितलंय.

एप्रिल रद्द. मंगळवारी ऑपरेशन. फुगलेल्या भागात कापडाची नळी घालून वरखाली टाके घालायचे. शंभरात चार-पाच माणसं त्यातून उठत नाहीत, असं डॉक्टरांनी वंदनाला स्पष्ट सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. डबा घेते, रिकामा परत देते. डब्यातलं खाल्लेलं असतं, हीच काय ती दया.

मच्छिंद्रानं विचारलं, "वैनी, कापडाची नळी म्हंजी कोन्तं कापड? टेरिकॉट का सुती?" म्हटलं, तुझ्या धोतराचंच सांगितलंय, ते काही फाटत नाही. तेव्हा हसला. पोट धरून हसायला लागला आणि आम्ही दोघंही एकदम थांबलो. पोटाला हात लावायचा नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

साडेआठला आत नेलं. ढकलगाडीवर तो असा दिसला की सहाचाच आहे आणि गोवराचा ताप आलाय. मला म्हणाला, "बागेला पानी द्यायला वसंताला सांगा." वसंता म्हणजे माझा लेक. एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यातून रजा घेऊन तो बागेतच बसलाय.

बाहेरच्या बाकावर वंदना एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. मध्ये दैवशाला, दोन गावांच्या मधल्या नदीसारखी.

मी देवाला काही मागितलं नाही. कोणत्या तोंडानं? तुळशीची शपथ मोडणारी बाई. सगळ्या देवांना एकमेकांचं कळत असणार.

तीनला डॉक्टर बाहेर आले. टोपीखाली कपाळावर वळ उमटलेला. "नळी बसली. रक्त चालू केलं, दोन्ही पाय गरम आहेत. वाहिनीची भिंत एका जागी कांद्याच्या पातीसारखी झाली होती. एप्रिलपर्यंत टिकली नसती." मग म्हणाले, "अजून दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही."

वंदनानं दैवशालाला मिठी मारली. मी उठून बाकाखालच्या चपला सरळ करत बसले.

२३ नोव्हेंबर, रविवार

यंत्रातून बाहेर काढून साध्या खाटेवर आणलं. छातीखालपासून बेंबीला वळसा घालून खालपर्यंत टाके, बॅगेच्या चेनसारखे. मध्ये दोन दिवस लघवी कमी झाली होती, तेव्हा डॉक्टरांचे चेहरे बदलले होते. आता ठीक आहे.

आज डॉक्टर स्वानंद पाच-सहा शिकाऊ पोरापोरींना घेऊन आले. माझ्याकडं बोट करून म्हणाले, "ह्या आजींनी मशीनच्या आधी हातानं माप दिलं. म्हणून हे बाबा आज इथं आहेत. पोटाला हात लावायला शिका." एका पोरीनं तर माझा हात हातात घेऊन उलटसुलट बघितला, बाजारात वांगं बघतात तसा.

मी म्हटलं, "साहेब, बाकीचं बी सांगा ना पोरांना."

ते म्हणाले, "बाकीचं तुम्ही सांगितलंत, तेवढं पुरे आहे."

मच्छिंद्र सगळं ऐकत होता. डोळे चमकत होते त्याचे. असे डोळे चमकले की हा काहीतरी करून ठेवतो.

१ डिसेंबर, सोमवार
सकाळी १३२/८०. संध्याकाळी १३०/८०.

शुक्रवारी घरी आणलं. बिडी खरंच सुटली. बिडीच्या जागी आता बोलणं लागलंय.

त्याची खाट दारात टाकलीय. भेटायला येईल त्याला एकच गोष्ट सांगतो. "वैनीनं डॉक्टरच्या आधी धरलं. डॉक्टर म्हनले एप्रिल, वैनी म्हनल्या एप्रिल कशाचं, आत्ताच कापा. बोटानं माप दिलं. डॉक्टरनं हात जोडले." दर माणसागणिक गोष्ट वाढते. काल गावातले भुजंग मास्तर सांगत होते की शहागडच्या चहाच्या हॉटेलात ऐकलं, एक म्हातारी नुसता हात लावून सांगते, आत काय आहे ते.

कळलं मला. दवाखान्यात मी जे बोलले ते वंदनाकडून, जीपवाल्याकडून फुटणारच होतं. त्याच्या आधी त्यानं आपली गोष्ट पेरली. भिंत बांधतोय माझ्याभोवती, टाके घातलेल्या पोटानं.

तीन दिवसांत अकरा पोटं आली दारात. वडीगोद्रीहून एक बाई चार वर्षांच्या लेकराला घेऊन आली. मी सगळ्यांना दैवशालाच्या हवाली करते. आलेल्या बाया म्हणतात, "चतुरामाय मोठी झाली आता, हात लावायची न्हाई." दोघी इथून निघून दुसऱ्या चोळणारीकडं गेल्या, असं दैवशालानं सांगितलं. आधी तीन वर्षांत तिनं जेवढी माणसं आरोग्य केंद्रात नेली तेवढी माझ्या नावानं परत फिरायला लागलीत. तिनं हे न रागावता सांगितलं. ती चटणीसाठी कांदा चिरत होती, त्यामुळं डोळ्यांचं काही सांगता येत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार
सकाळी १३०/८०.

दुपारी मच्छिंद्राची लापशी घेऊन गेले तर खाटेभोवती माणसं. भुजंग मास्तर, गिरिजाबाई, आणखी चार-दोन. वंदनाही आलेली. गोष्ट डॉक्टरनं हात जोडले तिथपर्यंत पोचली होती. गिरिजाबाई कुशीवर हात दाबून बसलेली. मला बघितल्याबरोबर म्हणाली, "आल्या बघा. चतुरामाय, आता न्हाई म्हनू नका. जल्दी एकदा हात लावा. दोन रात्री झोपले न्हाई म्या. ह्या दैवशालाच्या गोळीवर मव्हा विश्वास न्हाई, तुमच्या हातावर हाय."

लापशी खाली ठेवली. म्हटलं, "मच्छिंद्रा, पुरे."

तो म्हणाला, "वैनी, तुमी आत जा."

म्हटलं, "आत कशाला जाऊ? गोष्ट महीच हाय, मलाच सांगू दे. गिरिजाबाई, ऐक. हा येत व्हता मह्याकडं दोन वर्सं. पयल्या दिवशीच मह्या हाताला कळलं व्हतं, ही बेंबी न्हाई. चाळीस वर्सांत एकबी बेंबी अशी उडालेली न्हाई. हाताला कळलं अन् तोंडानं म्हनलं, बेंबीच हाय, उद्या बी ये. तेल लावलं. तांब्या लावला. डॉक्टरला दोन वर्सांनी सांगितलं, ते बी सुनेनं धरून नेलं म्हनून. हा जगला तो त्या डॉक्टरच्या हातानं. मह्या हातानं हा मरत व्हता."

हे 'पहिल्या दिवशीच कळलं' मी दैवशालालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनाही नाही. वहीतही नाही. दोन बोटं, साडेतीन बोटं, सगळं सांगितलं, हे एवढं राखून ठेवलं होतं.

मग गिरिजाबाईनंच विचारलं, "पन कामून वो, माय?"

मी उत्तर शोधलं. शपथ मोडल्याचं उघडं पडलं असतं म्हणून? असेल. मावशीची विद्या तिथं अडली हे मान्य करायचं नव्हतं म्हणून? तेही असेल. म्हटलं, "तुला कारन पाह्यजे का इलाज? दैवशाला आत्ता गाडी काढून राह्यली. जा तिच्यासंगं. कुशीतलं दुखनं हाय, सोनोग्राफी कर."

ती गेली. रागानं गेली की भीतीनं, सांगता येत नाही, पण गाडीवर बसून गेली. संध्याकाळी फोन आला, पित्ताशयात खडे आहेत, ॲडमिट केलंय. बाकीचे आधीच पांगले होते. भुजंग मास्तर जाताना नेहमीसारखं "येतो चतुरामाय" म्हणाले नाहीत. वंदना दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं, मग आत जाऊन भांडी घासायला लागली, फार आवाज करून.

अंगणात आम्ही दोघंच उरलो. मच्छिंद्र उशीला टेकून टाक्यांवर हात ठेवून बसलेला. मला वाटलं आता शिव्या देणार. दिल्या असत्या तर घेतल्या असत्या.

तो म्हणाला, "मला म्हाईत व्हतं."

"काय?"

"पयल्याच दिशी. तुमचा हात थांबल्ता, वैनी. लय येळ थांबल्ता. तुमचा हात कधी थांबत न्हाई. मंग तुमी तेल घेतलं अन् म्हनल्या, बेंबीच हाय. तव्हाच कळलं, बेंबी न्हाई."

म्हटलं, "अरे मंग दवाखान्यात कामून न्हाई गेलास, मेल्या? दोन वर्सं कामून येत राह्यलास?"

तो बागेकडं बघत राहिला. म्हणाला, "तुमी उद्या बी ये म्हनल्या की."

लापशी गार झाली होती. वाटी उचलली आणि गरम करायला आत नेली.